कस्तुराबाईच्या गळ्यातला कणा

आपण आईच्या गळ्यात काय बांधलंय हे कृष्णातला कळलं, ते तिच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारच्या चहाला.

पीण्या या कानडी मुलखातल्या औद्योगिक वसाहतीत, एका लहान कारखान्यात तो लेथवर टर्नर होता. शहरात इजिप्तच्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं आणि तिथं विकायला पितळी खांबांची ऑर्डर आली होती. बोटाएवढा खांब, वरच्या टोकाला एकाखाली एक चार कडी. हा त्यांच्या देवाचा पाठीचा कणा, एवढंच मालक गिरीराज यांनी सांगितलं होतं, आणि कृष्णातला तेवढं पुरलं. निपाणीहून आणलेली त्याची आई, कस्तुराबाई, कमरेतला मणका सरकल्यापासून तीन महिने भिंत धरून चालत होती. एका नगाचं वरचं कडं सूतभर बारीक झालं म्हणून तो नाकारला गेला. कृष्णातनं तो घरी आणला आणि काळ्या दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात बांधला. एरवी ताईत-गंड्यांची चारचौघांत टर उडवणारा हा गडी, पण आईचं कण्हणं ऐकून त्याची अक्कल पार गुंडाळली गेली होती. गाठसुद्धा त्यानं दुहेरी मारली.

मग नगांबरोबर द्यायची पत्रकं छापून आली आणि चहा पिता पिता त्यानं एक वाचलं. खांब ओसिरिसचा कणा, हे खरंच होतं. पण ओसिरिस म्हणजे मेलेल्यांचा देव, आणि हा खांब पुरायच्या दिवशी प्रेताच्या गळ्याशी ठेवायचा. पुढच्या चार ओळी त्यानं वाचल्याच नाहीत. चहा तसाच निवला.

आई सकाळीच दवाखान्यात दाखल झाली होती, सोबत त्याची बायको पवित्रा. त्यानं फोन लावला, पण मढ्याचा दागिना हे शब्द तोंडातून निघेनात. आईच्या गळ्यातलं तेवढं काढून ठेव, असं तो कसंबसं म्हणाला. पवित्रा म्हणाली, त्या काढू देत नाहीत.

तो कारखान्यातून सुटेपर्यंत भेटायची वेळ टळली होती. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला होतं. तो साडेसहाला निघाला आणि गोरगुंटेपाळ्याच्या सिग्नलवर अडकला. तिथं रिक्षात बसल्या बसल्या त्यानं मनातल्या मनात आई तीनदा मेलेली पाहिली आणि तीनदा स्वतःच्या थोबाडीत दिली. दवाखान्यात पोचला तेव्हा साडेआठ वाजले होते. बांगड्या, जोडवी पवित्राच्या पिशवीत गेली होती. नर्स कात्री घेऊन उभी होती आणि म्हातारी दोरा मुठीत धरून बसली होती. ज्यानं बांधलंय त्यालाच सोडू दे, एवढं एकच ती सगळ्यांना सांगत होती.

कृष्णात तिच्या मानेमागं गेला. केसाइतकी जाडी बोटांनी ओळखणारा माणूस तो, पण त्याला गाठीचं टोक सापडेना.

“काय झालंय तुला?” आईनं विचारलं.

“आई, हे मढ्याच्या गळ्यात घालतात,” तो म्हणाला आणि त्याला रडू आलं. “मला माहीत नव्हतं गं.”

“मला ठावं हाय. तू बांधलास त्याच दिशी पवित्रानं मोबाइलवर बघून सांगितलं. मढ्याला परत उभं करायला घालतात म्हणं.” तिनं मुठीतला दोरा सोडला. “मी तर जिती हाय, लेका. मला उभं करायला त्याला कितीसं जड जातंय?”

गाठ सुटली. नर्स कानडीत “सरी, सरी”, बरं बरं, म्हणत पलंग ढकलायला लागली. कृष्णात खांब पिशवीत टाकणार तोच आईनं त्याचं मनगट धरलं. अंगावरचं असं पिशवीत टाकायचं नसतं, मी बाहेर येईतो तुझ्या गळ्यात घाल, असं तिनं बजावलं. त्यानं घातला. मढ्याचा असला तर असू दे, निदान तिच्या गळ्यात नाही, असं त्याला वाटलं, आणि भीती मात्र कणभर कमी झाली नाही.

दार बंद झालं. पवित्रानं बाकावर सरकून त्याला जागा करून दिली. त्याचं बोट त्या बारीक कड्यावर फिरत होतं.

“ती उभी राहू दे,” तो म्हणाला, “मग बसतो.”