लेखिकेला घेऊन या

आवाज कुठून येतोय म्हणून कपाटामागं डोकावू नका. खालच्या कप्प्यात, गठ्ठ्याच्या तळाशी पडलेला पिवळा कागद बोलतोय. निबंध आहे मी. विषय, बुऱ्हाणपूरच्या कुंड्यांतलं पाणी. कुंड्या म्हणजे फुलझाडांच्या नव्हेत, जमिनीखालच्या कालव्यावर खोदलेल्या जुन्या विहिरी. लेखिका, कु. विमल महाजन. हे नाव लक्षात ठेवा बरं का, याच नावापायी पुढं सगळं रामायण झालं.

विमल म्हणजे बुऱ्हाणपूरजवळच्या शाहपूरच्या चुडामण महाजनांची लेक, रसायनशास्त्र शिकलेली. जमिनीखालून एका कुंडीचं पाणी दुसऱ्या कुंडीत जातं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण कुठून कुठं, ते कुणी तपासलं नव्हतं. विमलनं वरच्या कुंडीत पोतंभर हळद ओतली आणि खालच्या कुंडीवर येऊन बसली. दुपारी बायकांच्या घागरीत पिवळं पाणी आलं.

"काय वं माय, कुंडीचं लगीन लागलं का काय?" भागाबाई ओरडली. विमल तर उड्या मारायचीच बाकी होती. असं एकेक कुंडी तपासत तिनं पाण्याची वाट मांडली आणि माझा जन्म झाला.

नागपूरच्या एका मासिकात मी छापला गेलो. कागद बुऱ्हाणपूरशेजारच्या नेपानगरच्या कारखान्यातला, म्हणजे घरचाच. माझ्या सुट्या प्रती विमलनं पोस्टानं गावोगाव धाडल्या. आणि काय सांगू! एका डॉक्टरनं हगवणीच्या साथीवर लिहिताना तळटीपेत माझा उल्लेख केला. मग एका इतिहासाच्या प्राध्यापकानं केला, मग केळीच्या बागांना लागणाऱ्या पाण्यावर लिहिणाऱ्या शेतीखात्यातल्या माणसानं. ही मंडळी एकमेकांचं एक अक्षर वाचत नाहीत हो! पण तिघांच्याही पानाखाली, बारीक टायपात, विमल महाजन होती. माझी छाती फुगली. कुणीतरी आपला आधार घ्यावा, निबंधाला याहून जास्त काय लागतं?

मग तिचं लग्न झालं, बुऱ्हाणपुरातल्याच श्रीकांतशी. रीत तुम्हाला ठाऊकच आहे. तांदूळ पसरलेलं ताट आलं आणि श्रीकांतनं अंगठीनं त्यात लिहिलं, अलका. सगळ्यांनी पेढे खाल्ले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हौसेनं ठेवलेलं नाव. विमलही हसली. मी ट्रंकेत शालूखाली होतो. मला काही ते रुचलं नाही, पण मला विचारतो कोण?

पुढं राज्यांची जुळवाजुळव झाली, बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं आणि आमचे सरकारी कागद नागपूरऐवजी भोपाळला जायला लागले. गावात नव्या कॉलेजात जागा निघाली. अट अशी, की स्वतःचं छापील संशोधन हवं. विमल मला घेऊन मुलाखतीला गेली. अर्ज मात्र श्रीकांतनं भरला होता, सवयीनं अलकाच्या नावानं.

समितीतल्या साहेबांनी मला उलटंपालटं करून बघितलं. मराठी त्यांना कळत नव्हती, नाव तेवढं वाचता आलं.

"बहनजी, ये तो किसी विमल का है। डिग्री भी उसी की।"

"वो मैं ही हूँ, साहब।"

"अर्जी में तो अलका लिखा है।" साहेब गालात हसले. "अगली बैठक में लेखिका को ले आइए। उन्हीं को रख लेंगे।"

असा संताप आला मला! विमलनं मला उचललं आणि सरळ घर गाठलं.

घरी श्रीकांत म्हणाला, "त्यात काय, प्रतिज्ञापत्र करू. अलका म्हणजेच विमल."

"नाही," विमल म्हणाली. "डॉक्टरला, प्रोफेसरला, किती जणांना प्रतिज्ञापत्र दाखवत फिरू? पहिला निबंध विमलचा, उद्याचा अलकाचा, म्हणजे दोघीही अर्ध्याच. मला माझं नाव परत पाहिजे."

श्रीकांत आईकडं बघू लागला. सासूबाई, मथुराबाई, उठून आत गेल्या. संपलं, मला वाटलं. पण त्या बाहेर आल्या त्या तांदळाचं ताट घेऊन.

"श्रीकांता, अंगठी काढ. पोरी, या खेपेला तू लिही."

विमलनं लिहिलं, विमल महाजन. आडनावही माहेरचंच. मथुराबाईंना वाचता येत नव्हतं. तरी त्या अक्षरं बघायला ताटावर वाकल्या. मग हळूच म्हणाल्या, "खाली जागा राहिली का वं? तिथं धुरपदा लिही. माहेरी मी धुरपदा होते. माय गेली, तवापासून कुणी हाक नाही मारली."

पुढच्या बैठकीला विमलनं नवा अर्ज दिला आणि मला साहेबांच्या पुढ्यात ठेवलं.

"आपने कहा था, लेखिका को ले आइए। ले आई।"

या वेळी कुणी हसलं नाही. जागा तिला मिळाली.

आता माझ्या कडा तुटतात, हात लावला की भुगा होतो. माझ्यावर तिचे पुढचे सगळे निबंध रचलेत, सगळ्यांवर एकच नाव. तुम्ही डॉक्टर असा की शेतकरी, माझा आधार खुशाल घ्या. फक्त तळटीपेत तिचं नाव पूर्ण लिहा. आणि जाता जाता गठ्ठ्यात माझ्या लगेच वर ठेवलेल्या तिच्या निबंधाचं शेवटचं पान उघडून बघा. तिथं आभाराची एकच ओळ आहे. धुरपदाबाईंचे.