सहावं घर

लेलंड माझा मुलगा. वय एकेचाळीस, अक्कल वासराएवढी. मला न विचारता त्यानं माझ्या बापाचं रिव्हॉल्व्हर पैजेला लावलं. तेही त्या डुएन स्कॉगस्टॅडशी, जो महिनाभर नवंकोरं पिस्तूल गावभर मिरवतोय.

शनिवारी क्लबाच्या स्पर्धेत डुएन सगळ्यांदेखत म्हणाला, "लेलंड, आजोबांचं रिव्हॉल्व्हर आणलंस, त्यांची कवळी पण आणायचीस की!"

सगळे खिदळले. हा पेटला. "हरलो तर हे तुझं!"

बापानं जाताना ते माझ्या हातात दिलं होतं. त्याचं म्हणून घरात तेवढंच उरलं होतं.

शेवटच्या फेरीपर्यंत दोघं बरोबरीत. समोर सहा लोखंडी तबकड्या. मी श्वास घेईपर्यंत डुएननं सहाही झोपवल्या. मग लेलंड उभा राहिला. पंच म्हणाला, "भरा."

आमच्यात भरायची रीत एकच. चक्रीत गोळ्यांची सहा घरं. एक गोळी, एक घर मोकळं, मग चार गोळ्या. घोडा त्या मोकळ्या घरावर टेकवायचा. बापानं एकदा सहा भरल्या होत्या. ट्रकमधून उतरताना रिव्हॉल्व्हर दगडावर पडलं, घोड्याला दणका बसून गोळी सुटली, आणि त्याचं उजवं पाऊल गेलं. जुन्या रिव्हॉल्व्हरला क्लबाचा नियमही तोच, पाचच. लेलंड सात वर्षांचा होता तेव्हापासून मी त्याच्याकडून हे घोकून घेतलंय.

पण तबकड्या सहा. पाच पाडून मग एक भरत बसला तर हरलाच. मी कठड्याला धरून मोजत होते. एक. दोन. तीन. घर सोडलंच नाही मेल्यानं! सहाही भरल्या आणि तसंच कमरेला खोचलं.

तिथे कुणीही "थांबा" ओरडलं की सगळे थांबतात, आणि चूक ज्याची त्याची फेरी बाद. हे मला पक्कं ठाऊक होतं. बापाची शेवटची वस्तू समोर, आणि तिच्या नळीखाली पोराचा पाय.

"थांबा!" मी ओरडले. घसा फाटला.

पंचानं गोळ्या काढून मोजल्या, मान हलवली. डुएन हात पसरून उभाच होता.

गाडीपाशी लेलंड रडकुंडीला आला. "आई, तू हरवलंस मला. दोन क्षण गप्प बसली असतीस तर..."

"तर लंगड्याची आई झाले असते. लंगड्याची मुलगी होते, तेवढं पुरे. आणि ऐक, ते डुएननं नाही नेलं. सहावी भरलीस ना, तेव्हाच ते तुझ्या हातून गेलं. बस गाडीत."