नख घुसलं

फुलसावंगीच्या रुखमाबाईनं घरामागच्या कुंपणावर कोहळ्याचा वेल चढवला होता. पावसाळाभर तिनं त्याला राख घातली, भांडी धुतलेलं पाणी दिलं, मधमाश्या दिसेनाशा झाल्या तेव्हा नर फूल तोडून मादी फुलांना स्वतःच्या हातानं लावलं. नऊ कोहळी धरली. देठ वाळेस्तोवर एकालाही हात लावायचा नाही, असं तिनं घरात बजावलं होतं. पिकलेलं कोहळं उन्हाळ्यापर्यंत टिकतं. कच्चं तोडलं तर सडतं, बीही पोचट निघतं.

त्या दुपारी ती कापूस वेचून आली, तर वेलावर एकही कोहळं नव्हतं. तुटल्या देठांतून चीक गळत होता.

नवरा, पंजाबराव, नव्या सदऱ्याच्या गुंड्या लावत होता. "संस्थेचे साहेब आलते. शाळेत परसबागेचा कार्यक्रम हाय. मीच तोडून देल्ली. मले बक्षीस हाय."

"तुमाले? एक दिवस तरी पाणी घातलं काय तुमी?"

"आता कायले तमाशा करून राह्यली?"

ती हातही न धुता शाळेकडे निघाली. पंजाबराव मागून धावला.

मंचावर नऊ कोहळी झेंडूच्या हारांत मांडली होती. फलकावर 'उत्कृष्ट परसबाग' आणि खाली पंजाबरावाचं नाव. साहेब माइकवर पोषणाबद्दल बोलत होते, समोरून त्यांचे फोटो काढले जात होते. रुखमाबाई तडक वर चढली आणि एका कोहळ्यात अंगठ्याचं नख दाबलं.

"पाहा साहेब, नख घुसलं. पिकल्या कोहळ्यात घुसते काय?"

"ताई, खाली बसा. तुमच्या घराचाच सन्मान आहे हा."

"बाई वावरात गेलती, तवा तुमी परसात शिरले. मले काहून नाही इचारलं? मेहनत माही, अन् फोटो तुमचा?"

माइक सुरूच होता. सगळ्या पटांगणानं ऐकलं. पुढं बसलेल्या बायांपैकी शेजारची विजयमाला उठली, तिनं टोपलं आणलं. दोघींनी हार काढून टेबलावर टाकले आणि सगळी कोहळी उचलून नेली. पंजाबराव मंचाजवळ मान खाली घालून उभा होता.

तीन कोहळ्यांची भाजी गल्लीत वाटली. उरलेली सहा पंधरा दिवसांत सडली. तिनं ती एकेक करून उकिरड्यावर फेकली.

पंजाबराव दारात येऊन म्हणाला, "कोहळ्याचं कोनतं बियाणं पाह्यजे सांग, मी आणून देतो."

"बी कोणीबी देईन," ती म्हणाली. "माहे चार महिने कुठून आणान?"