अजून किती?

उजव्या पायाबरोबर उजवाच हात पुढे टाकून चालणं वाटतं तितकं सोपं नाही. घरी करून बघा, चार पावलांत स्वतःचंच हसू येईल. पण दर भरतीत एखादा रंगरूट असा निघतोच, की 'तेज चल' हा हुकूम ऐकल्यावर त्याला दुसरं काही जमतच नाही. कवायत शिकवणाऱ्या उस्तादांच्या शेवटच्या तुकडीत तो लाकड्या होता.

लाकड्या हे नाव पोरांनीच ठेवलेलं. कवायतीच्या चाचणीत एकदा नापास होऊन तो या तुकडीत आला होता. पुन्हा चुकला तर थेट घरी. आणि चाचणी उद्यावर आली होती.

उस्तादांनी ओरडून पाहिलं, मनगटाला दोरी बांधून पाहिली, पण पालथ्या घड्यावर पाणी. "जेवायला जाताना बरा नीट चालतोस रे," ते म्हणायचे. लाकड्या मान खाली घालायचा. खरंच नीट चालायचा तो जेवायला जाताना.

त्या दुपारी उस्ताद जेवायला घरी आले ते धुसफुसतच. खोलीत ट्रंक भरून तयार होती. चार दिवसांत निवृत्ती.

"त्या पोराला कशाला बोल लावता?" बायको म्हणाली. "तुम्ही काय वेगळे होतात? तुम्हीच सांगितलंय मला."

उस्तादांचा घास हातातच राहिला. सव्वीस वर्षांपूर्वी तेही असेच लाकूड होते. त्यांच्या उस्तादांना पोरं नगारा म्हणायची, असा त्यांचा आवाज. एका दुपारी नगाऱ्यानं त्यांच्या हातात फक्कीची बादली दिली, मैदानावरच्या पांढऱ्या रेघा नव्यानं मारून घेतल्या आणि परत येताना विचारलं, "घरी कोण कोण असतं?" बोलता बोलता मैदान संपलं. मग नगारा म्हणाला, "आता तुझे हात बघ." हात अगदी बरोबर हलत होते. त्या दिवशी ते लहान पोरासारखे रडले होते.

नगाऱ्यानं फार वेळ रडूही दिलं नाही. "मला विसरून जा," तो म्हणाला. "चालताना उस्ताद आठवला की पाय चुकलाच समज. आपलं काम पोरांना चालतं करायचं आणि बाजूला व्हायचं."

आणि ते खरंच विसरले. साधं पत्रसुद्धा कधी टाकलं नाही. भरलेल्या ट्रंकेकडे बघताना आज ते फार लागलं.

जेवण अर्धं टाकून उस्ताद मैदानावर गेले. लाकड्याला हाक मारली, फक्कीची बादली दिली. रेघा मारून परत निघाल्यावर विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

लाकड्या आधी बावरला. मग हळूहळू खुलला. धाकटी बहीण, तिला रोज शाळेत सोडायचं, वाट लांबची. "दर दहा पावलांनी विचारायची, दादा, अजून किती? मी म्हणायचो, हे काय, आलंच. रोज फसायची, उस्ताद." तो हसत होता आणि त्याचा रिकामा हात झकास हलत होता. उस्तादांनी ते त्याला मुद्दामच सांगितलं नाही. सांगितलं तर पुन्हा लाकूड होईल, अशी त्यांना धास्ती वाटली.

दुसऱ्या सकाळी चाचणी घ्यायला साहेब वही घेऊन उभे राहिले. "तेज चल!" उस्ताद गरजले. पहिली आठ पावलं ठीक गेली. मग साहेबांनी लाकड्याकडे पाहिलं मात्र, त्याचा खांदा ताठरला. उजवा पाय, उजवा हात. साहेबांची मान अजून वहीकडे वळायची होती.

उस्तादांनी छातीभर श्वास घेतला आणि कवायतीच्या आवाजात ओरडले, "दादा, अजून किती?"

सगळी तुकडी चरकली. लाकड्याच्या ओठांच्या कडा मात्र हलल्या, खांदा सैल पडला आणि हात जागेवर आला. तो शेवटपर्यंत तसाच चालत गेला.

"हा कुठला हुकूम?" साहेबांनी विचारलं.

"जुना आहे, साहेब. हल्ली फारसा वापरत नाहीत."

साहेबांनी वहीत पास लिहिलं.

चौथ्या दिवशी उस्ताद निघाले. ट्रंक पुढे गेली होती, बायको फाटकाशी थांबली होती. वाटेच्या दोन्ही बाजूंना तुकडी सावधान उभी होती. एवढं अंतर त्यांनी हजारदा कापलं असेल. पण निघताना त्यांना नगारा आठवला आणि पाय चुकला. उजवा पाय, उजवा हात. कळत होतं, पण काही केल्या सुधारेना. फाटक दूर दूर जायला लागलं, डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं.

रांगेतून कुणीतरी हलक्या आवाजात विचारलं, "उस्ताद, अजून किती?"

सावधानमध्ये बोलायची सक्त मनाई असते. उस्तादांनी मान वळवली नाही.

"हे काय," ते म्हणाले, "आलंच."

फाटकाशी पोचल्यावर बायकोनं आधी त्यांच्या जागेवर आलेल्या हातांकडे पाहिलं आणि मग पिशवी त्यांच्याकडे दिली.