दिनकररावाचा उपास

दुसऱ्याच्या ओसरीवर येऊन ऐसपैस बसायचं आणि पुढं ठेवलेल्या तांब्याकडं असं बघायचं, जशी काय त्यात पाल पडलीय, ही दिनकररावाची तऱ्हा कुसुमबाईला पहिल्या दिवसापासून खपली नव्हती.

तोंडानं काही बोलायचा नाही. शिकलेला ना! उपास सांगायचा. सोमवारी आला तर महादेवाचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. एकदा मंगळवारी आला, तर देवी निघाली. कुसुमबाईच्या घरानं छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर सगळे देव नेऊन नदीत सोडले होते. दिनकररावानं ते एकेक करून परत तिच्या ओसरीवर आणून बसवले.

"उपासाला चहा चालतोय, दिनकरराव," ती एकदा म्हणाली. "तुमच्या आई एकादशीला शेतावर किटली भरून आणायच्या. मी निंदायला होते की तिथं."

"आमचा जरा कडक असतो, मावशी."

मावशी! गरज पडली की मावशी. ह्याचा बाप व्यंकटराव 'ए कुसे' ह्याच्यापलीकडं कधी गेला नाही आणि लेकाला एकदम नातं आठवलं.

गरज होती काळ्या पेटीची. दिनकररावाचा भाऊ बन्सीधर अमेरिकेत होता, त्यानं आपला जुना लॅपटॉप ह्याला दिला होता. वहीसारखं झाकण उघडायचं, आत पडदा, खाली अक्षरं. जगभरची माणसं मिळून फुकटात पेटी चालवायची एक यंत्रणा लिनक्स म्हणून तयार करायलीत, ती तिच्यात भरलेली. झाकण लावलं की पेटीनं झोपावं, उघडलं की उठावं, असा तिचा कायदा. ही झोपायची झकास. उघडलं की डोळा किलकिला करायची आणि परत घोरत पडायची. दिनकररावाला हैदराबादच्या एका कंपनीत ती साहेबापुढं उघडून दाखवायची होती. पेटी उठली तर नोकरी, नाहीतर बापाची शेती होतीच, पण चिखलात पाय घालायचा म्हटलं की ह्याला शिंका यायच्या.

म्हणून तो चुडावा गावाच्या ह्या टोकाला, बौद्धवस्तीत आला होता. कुसुमबाईचा लेक नागनाथ आणि तो औरंगाबादला एका वर्गात होते. नागनाथ वरच्या नंबरानं पास झाला आणि घरी बसून पोरांच्या शिकवण्या घेत होता. दिनकररावही पास झाला. कसा, ते विचारू नये.

"तू एवढं नीट कर," दिनकरराव पहिल्या दिवशी म्हणाला होता. "बन्सीदादा तिकडून पुढं धाडील. तिथल्या लोकांनी मान्य केलं तर वर तुझं नाव लागतंय, जगभर जातंय. कंपन्या अशा माणसाला हुडकीत येतात."

ते ऐकून नागनाथच्या तोंडावर जे आलं, ते कुसुमबाईनं लय दिवसांत पाहिलं नव्हतं. अर्ज टाकून टाकून पोरगं मुकं झालं होतं. त्या दिवसापासून ते पेटीला चिकटलं, ते जेवायला हाक मारली तरी हूं की चूं नाही.

"आरं, काय झालंय तरी काय तिला?" तिनं विचारलं.

"आई, झाकण लावलं की झोपायचा हुकूम दोनदा सुटायलाय. एक ऐकून ती झोपती. दुसरा तसाच दारात उभा ऱ्हातो. झाकण उघडलं की ती उठती, आन उठल्या उठल्या तो शिळा हुकूम कानावर पडतो. परत झोपती."

"म्हंजी व्यंकटरावाच्या सालगड्यावानी. मालक मरून गेला तरी त्याचं बोलणं ऐकायलाय."

नागनाथ हसला. "तसंच. आता मी तिला सांगायलोय, उठलीस की आधी शिळे हुकूम फेकून दे. मग काम कर. लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हंत्यात, त्याच्यावर हे ठिगळ लावायचं. पॅच म्हंत्यात त्याला."

ठिगळ कुसुमबाईला कळत होतं. आयुष्यभर गोधड्यांना तेच केलं होतं. पण ठिगळ लावणाऱ्या बाईचं नाव गोधडीवर लिहितात, हे नवीन होतं. तिला ते आवडलं.

बुधवारी दिनकरराव आला. बुधवारचा देव काही त्याला पटकन सापडेना, म्हणून म्हणाला, "आज पोट बरं न्हाई, मावशी."

"असू द्या. देवबी दमले असतील."

नागनाथनं झाकण लावलं. पेटी झोपली. उघडलं. पडदा उजळला आणि उजळलेलाच राहिला. दिनकररावानं स्वतः लावून पाहिलं, उघडून पाहिलं, परत लावलं, परत उघडलं. पेटी टक्क जागी. त्याला इतका आनंद झाला, की तो नागनाथच्या खांद्याला शिवला.

"ज्यात लिहिलंयस ती फ्लॉपी दे, साहेब ते बघायला मागणार," तो म्हणाला. "आन हे बघ, वर नाव माझं टाकून दे."

नागनाथनं पेटीवरून मान वर केली.

"आरं, हैदराबादला मी म्हणणार, हे मी केलंय. आन फाइलीत नाव दुसऱ्याचंच निघालं तर? पेटी तर माझीच हाय ना? तुला काय, दुसरं एखादं लिहिशील. तुला येतंय."

चोर कधी एवढा मोकळा बोलत नाही. कुसुमबाईला रागही येईना, नुसती किळस आली. ह्याच जानेवारीत विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं होतं. त्या नावापायी तिचा भाऊ सिताराम ह्याच गावातून परागंदा झाला होता, अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत घर पेटलं तेव्हा. आणि हा म्हणत होता, नाव काय, दुसरं लिही.

पण नागनाथचा हात फ्लॉपीच्या खिशाकडं गेला. भिडस्त पोरगं. शाळेपासून ह्याला पाटी देत आलेलं, हात सवयीनं निघाला. पेटी उठली होती, पोरगं झोपायला निघालं होतं.

"नागनाथ," कुसुमबाई म्हणाली, "शिळा हुकूम हाय त्यो."

हात थांबला.

दिनकररावाला मामला कळला. त्यानं तांब्याकडं पाहिलं, कुसुमबाईकडं पाहिलं, आणि मग मोठ्या मनाच्या माणसासारखा पाय पसरून बसला. आवाजात साखर आली.

"बरं मावशी, ऱ्हाऊ द्या ते. चहा टाका. आज तुमच्या हातचा चहा घेतो मी."

एवढे दिवस जे पोटात जात नव्हतं, ते आता फ्लॉपीच्या बदल्यात जाणार होतं. वर उपकार करायलाय असं तोंड.

नागनाथ मोठ्यानं हसला. खिशाचं बटण लावलं आणि पेटीचं झाकण मिटून ती दिनकररावाच्या मांडीवर ठेवली.

कुसुमबाईनं तांब्या उचलला, पाणी दारातल्या तुळशीसारख्या वाढलेल्या सब्जाला घातलं आणि रिकामा तांब्या पालथा ठेवला.

"न्हाई, दिनकरराव," ती म्हणाली. "तुमी आपला उपासच धरा. आमच्या घरचं तुमाला पचायचं न्हाई. चहाबी न्हाई आन नावबी न्हाई."