नवव्या मजल्यावरची खिडकी

संध्याकाळची ती वीस मिनिटं फोटोग्राफरच्या जिवाला नेहमीच घोर लावायची. आभाळ काळं व्हायच्या आत, निळं असतानाच, गच्चीवरून दिसणाऱ्या समोरच्या ऑफिस-इमारतीच्या सगळ्या खिडक्या उजळलेल्या हव्यात. नंतर कितीही डोकं आपटा, फोटोत नुसते ठिपके येतात. आज तर घोर दुप्पट होता. उद्या सकाळी वडिलांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं आणि बापलेकांत तीन महिने अबोला होता.

कारण म्हणाल तर क्षुल्लक. वडील शिंपी, आयुष्य माणसांची मापं घेण्यात गेलेलं. पोराने काढलेले इमारतींचे फोटो पाहून ते चार पाहुण्यांसमोर म्हणाले, ज्यात माणूस नाही तो कसला फोटो. पोराला ते झोंबलं. दोघेही सारखेच हेकट, त्यामुळे इकडचे निरोप तिकडे पोचवता पोचवता आईचा जीव मेटाकुटीला आला होता.

आज फोन करायचाच, असं त्याने दुपारपासून दहादा ठरवलं आणि दहादा पुढे ढकललं. आधी फोटो, मग फोन. कॅमेऱ्याला हात लागला की चित्र हलतं, म्हणून तो बटण मोबाइलवरून दाबायचा. मध्येच कुणाचा फोन येऊन घोटाळा नको म्हणून काम संपेपर्यंत फोन यायची वाटच बंद करून ठेवायचा.

समोरच्या इमारतीत, नवव्या मजल्यावर, धाकटी बहीण नोकरीला होती. तिच्या हातापाया पडून त्याने दिवे चालू ठेवायची सोय केली होती. वर बजावलंही होतं, की कॅमेरा तीस-तीस सेकंद उघडा असतो, खिडकीत कुणी स्तब्ध उभं राहिलं तर फोटोत येतं. अगदीच यावं लागलं तर हलत राहा, म्हणजे पुसली जाशील.

तिसऱ्या फोटोच्या वेळी ती खिडकीत आली. एका हाताने मोबाइल काचेला लावलेला, दुसरा हात जोरजोरात हलतोय. बरी आठवण ठेवलीय बाईसाहेबांनी, त्याला हसू आलं. माझा व्हिडिओ काढतेय, उद्या घरभर दाखवून खिदळेल. तिला खिजवायला तो कठड्यावरून आणखी वाकला आणि त्यानेही हात हलवला. ती जास्तच हातवारे करू लागली. त्याने चौथा फोटो घेतला, पाचवा घेतला. फोटोंतल्या खिडकीत तिचा मागमूस नव्हता. काम फत्ते झालं होतं, आता फोन करायचा होता.

त्याने फोनची वाट मोकळी केली. चौदा मिस्ड कॉल. तेवढ्यात बहिणीचाच फोन आला.

"दादा, बाबांना ऑपरेशनला आत नेलं. अचानक घाबरं झालं त्यांना. डॉक्टर उद्यापर्यंत थांबायला तयार नव्हते."

ती रडत रडत सांगत होती. बाबांना त्याच्याशी बोलायचं होतं, पण त्याचा फोन काही लागेना. शेवटी आईने तिला व्हिडिओ कॉल केला. निदान लांबून तरी दिसावा म्हणून तिने मोबाइल काचेला लावून त्यांना समोरच्या गच्चीवरचा मुलगा दाखवला.

"काही म्हणाले?" त्याने कसंबसं विचारलं.

"त्याला मागे सरायला सांग, म्हणाले. पडेल तो. मी तेच तर सांगत होते तुला, हात हलवून. तू आणखी वाकलास. आत नेईपर्यंत तेवढंच म्हणत होते ते, मागे सरला का, मागे सरला का."

आभाळ अजून निळं होतं. आणखी एक फोटो सहज मिळाला असता.

तो कठड्यापासून एक पाऊल मागे सरला. मग आणखी एक. जिन्याचं दार पाठीला लागेपर्यंत तो सरतच राहिला, आणि कॅमेरा तिथेच टाकून खाली धावत सुटला.