डेकवरचं बूच

मी एक जुनं लाकडी बूच आहे. बूच म्हटल्यावर तुम्हाला बाटली आठवली ना, मित्रांनो? आठवू द्या. मी मात्र तेल वाहून नेणाऱ्या जहाजाचं बूच आहे.

जहाजाच्या डेकला कडेनं भोकं असतात. पावसाचं पाणी त्यांतून समुद्रात उतरतं. पण तेल भरायला घेण्याआधी ती सगळी भोकं घट्ट बुजवायची, असा नियमच आहे. चुकून तेल सांडलं तरी ते डेकवरच राहावं, म्हणून. त्यांतलं एक भोक माझं.

गोदीतल्या सुतारानं तुळईच्या उरलेल्या तुकड्यातून मला घडवलं. "हे उपटायला तुझं सगळं घराणं लागेल," असं तो आपल्या मेहुण्याला म्हणाला होता. मला केवढा अभिमान वाटला!

जहाजावर माझी काळजी सारंगकाका घेत. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. ते मला जाड कापडाची पट्टी गुंडाळत, भोकात ठोकून बसवत आणि पायानं चाचपून पाहत. खलाशी थट्टा करत, "काका, काकूंची तरी एवढी सेवा करता का?" काका म्हणत, "ती गळत नाही रे."

तेल भरताना पाऊस आला की डेकवर पाणी साचतं. मग मला काढून ते सोडावं लागतं. अशा वेळी काका भोकापाशी उकिडवे बसत आणि मला परत लावूनच उठत. हा त्यांचा शिरस्ता कधी मोडला नव्हता.

त्या सकाळीही काका मला हातात घेऊन बसले होते. तेवढ्यात दुय्यम साहेब, म्हणजे जहाजाच्या कप्तानाच्या हाताखालचे अधिकारी, विम्याच्या साहेबांना घेऊन आले. जहाजाच्या तेलानं समुद्राचं नुकसान झालं तर भरपाई विमा कंपनी देते. म्हणून सांडलेलं तेल आवरायचं सामान जहाजावर आहे का, हे पाहायला ते आले होते.

"काका, चला. भुसा, फावडी, पिंपं, सगळं मांडून दाखवा."

"एवढं पाणी उतरू द्या. बूच लावतो नि येतो."

"अहो, साहेबांची बोट खोळंबलीय. पाणी काय पळून जातंय? येऊन लावा."

विम्याचे साहेब शेजारीच उभे होते. त्यांनी घड्याळात पाहिलं. काकांनी मला भोकाशेजारी ठेवलं आणि ते गेले.

सामान चोख होतं. साहेब खूश झाले. त्याच वेळी तेल भरायच्या पाइपाचा सांधा सुटला. काळं तेल डेकवरून माझ्याकडे येऊ लागलं. भोक माझ्यापासून वीतभर लांब होतं, मित्रांनो. मला हलता येईना. तेल मला भिजवून पुढे गेलं आणि भोकातून समुद्रात पडू लागलं. काका धावले, घसरून पडले, गुडघ्यांवर सरकत आले आणि तळहातांनी ठोकून त्यांनी मला बसवलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

किनाऱ्यावर शिंपले वेचणाऱ्या बायकांच्या टोपल्या काळ्या झाल्या. त्यांना विम्याची भरपाई मिळेल म्हणतात. जहाजही धुऊन निघेल. काकांना मात्र घरी बसवलं.

चौकशीत दुय्यम साहेबांनीच विचारलं, "बूच कोणी काढलं?"

"मी."

"मग सोडून का गेलात?"

"तुम्ही बोलावलंत, साहेब."

"मला तर असं काही आठवत नाही."

विम्याचे साहेब तिथेच होते. ते चष्मा पुसत राहिले.

आता मी प्लॅस्टिकच्या पिशवीत, कचेरीच्या कपाटात पडून आहे. मला पुरावा म्हणतात. काकांना पुन्हा जहाजावर पाय ठेवता येईल की नाही, ते उद्या ठरणार आहे. आज काकू येऊन शिपायाला विचारून गेल्या, "यांच्या बाजूनं कोणी बोलणार आहे का हो?"

"पुरावा आहे ना, काकू," तो म्हणाला.

मला ऐकून रडू आलं. मी कसलं बोलणार?

मित्रांनो, हातातलं काम पुरं करू द्या, असं कोणी विनवत असेल तर त्याला ते करू द्या. आणि त्याचं म्हणणं तुमच्या कानांवर पडलं असेल, तर विचारल्यावर तसं सांगा. काकांचं म्हणणं डेकवर दोघांनी ऐकलं होतं. उद्या मला त्या दोघांच्याच समोर टेबलावर ठेवतील.